तूट

आमचा माल रात्रीत पाणी होतो,
हे मला पाढ्यांच्या आधी कळलं.
कुटबणच्या जेटीला लागून कारखाना,
मिठाच्या पाण्याची टाकी, टाकीत बुडवलेले डबे,
आणि अमोनियाचा वास, माझ्या गणवेशालासुद्धा.
मुली विचारायच्या,
तुमच्याकडे केस रंगवतात का गं?

बाबांनी धंदा कधी शिकवला नाही.
'इथे बस' म्हणाले, एवढंच.
मी वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर बसले.

पहाटे चारला ट्रॉलर लागायचे.
तांडेल वरून ओरडायचा, 'पात्रांव, चाळीस लादी!'
बाबा त्याच्याकडे बघायचेच नाहीत.
बोटीकडे बघायचे,
पाण्यात किती बुडालीय,
जाळं ओलं आहे की पंधरा दिवस उन्हात पडलंय,
डिझेलवाल्यानं दिलं, की तोही नाही म्हणाला.
मग म्हणायचे, 'तीस ने. धा फाल्यां.'
ते दहा का तोडले, हे मला
तिसऱ्या वर्षी कळलं,
कुणी सांगितलं नाही तरी.

चोपडीत तीन रकाने. काढला, गेला, तूट.
तूट म्हणजे टाकीपासून बोटीपर्यंत वितळलं ते.
शंभराला सहा. मे महिन्यात नऊ.
माझा चुलतभाऊ प्रणेश पुण्याहून एमबीए करून आला,
त्यानं तूट दोनवर आणायचा तक्ता भिंतीला लावला.
भिंतीला ओल होती.
तक्ता चवथीपर्यंत टिकला.

मासेमारी बंदीचे दोन महिने यंत्र उघडं पडायचं.
बाबा नटबोल्ट रॉकेलात भिजत घालायचे
आणि मला उधारी मोठ्यानं वाचायला लावायचे.
नावं ऐकताना हात चालूच.
फक्त कायतान रिबेलो आला की पाना खाली ठेवायचे.
अडतीस हजार.
'फुडें,' म्हणायचे. पुढे.

तो कायतान ऑक्टोबरात गेला.
मुलगा जहाजावर, ब्राझीलच्या बाजूला कुठंतरी,
यायला चार दिवस तरी.
त्याच रात्री लाईट नव्हती, संध्याकाळपासून.
जनरेटर खोकून बंद पडलेला.
आत बावीस लाद्या उरल्या होत्या, घाम फुटलेल्या,
आणि मालप्याची एक बोट बाहेर उभी,
तांडेलच्या मुठीत नोटा, भाव दुप्पट,
बावीसच्या बावीस हव्यात.

बाबांनी त्याला सोळा दिल्या.
सहा भुशात गुंडाळून पिकअपमध्ये घातल्या,
रिबेलोच्या घरी.
मी एकोणीस वर्षांची, हिशेबाला पक्की.
म्हटलं, लिहू कुठे? उधारीत? गेला मध्ये?
बाबा चोपडीपुढे एवढा वेळ थांबलेले
मी कधी बघितले नव्हते.
छतावरून पाणी ठिबकत होतं.
म्हणाले, 'तूट.'

ही गोष्ट सांगितली की लोक विचारतात, मग पुढे?
पुढे काही नाही.
मुलगा आला, मिस झाली,
त्यानं बोट विकली.
ज्यानं घेतली तो बर्फ वास्कोहून आणतो.
अडतीस हजार अजून त्याच पानावर आहेत.
प्रणेशनं त्या महिन्याची तूट बघून
दाराच्या फटी बुजवून घेतल्या.
ते बरंच झालं.

आता काट्यावर मी असते.
बँकेचा हप्ता, चुऱ्याचं नवं यंत्र,
तांडेल फोनवर बोलतात, बोटीवर झारखंडची पोरं.
तरी मी खाली उतरून पाण्याची रेघ बघते.
आणि तूट शंभराला सहाच्या वर गेली
की ती कोणाकडे गेली, हे मला
लादीनिशी पाठ असतं.

काल भाचीनं, मिथिलानं, चोपडी उलटी धरून विचारलं,
'आते, नऊ कशी? मे तर नाही हा.'
मी स्टूल पायानं तिच्याकडे सरकवलं.
'इथे बस.'